‘घर आहे ना, मग काय कमी?’

पुणे-सातारा रस्त्यावरून कात्रजच्या चौकात उतरून आतल्या कोणत्याही गल्लीत शिरले की दुतर्फा एकाच घडणीची घरे दिसतात. एक-दीड गुंठ्यावर उभी राहिलेली, तळमजल्यावर मालकाचे बिऱ्हाड, बाहेरच्या बाजूने चढणारा लोखंडी जिना आणि वरच्या मजल्यावर ओळीने काढलेल्या खोल्या. फाटकाला ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटते, या घरधन्याला काय कमी? डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे, वर भाडेकरूंचा पैसा येतो. आप्तस्वकीयही तेच म्हणतात, बँकेचा अधिकारीही तेच म्हणतो आणि शासनाच्या योजनांचे अर्जही निराळ्या शब्दांत तेच सांगतात.

त्या पाटीमागे काय असते, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. घरधनी पन्नाशीला टेकलेला. बावीस वर्षे कारखान्यात यंत्रावर उभे राहून काढलेली. एके दिवशी त्याला कार्यालयात बोलावले जाते आणि टंकलिखित राजीनामा पुढे सरकवला जातो. सही केली तर हिशेब महिन्याभरात, नाही केली तर न्यायालयाच्या पायऱ्या. तो सही करतो. त्यानंतर सुरू होते कामाची वणवण. पंचविशीतल्या मुलांच्या रांगेत उभे राहणे, ‘कळवतो’ हा शब्द ऐकून परतणे, शेवटी सुरक्षारक्षकाची बारा तासांची रात्रपाळी मिळेल का याची चौकशी करणे. घरात पत्नी डबे करून देते. वरच्या तीन खोल्यांपैकी एक रिकामी. दुसरीत दोन विद्यार्थी. तिसरीत मराठवाड्यातून आलेला एक तरुण, ज्याचे स्वतःचेच काम सुटले आहे आणि ज्याच्याकडे तीन महिन्यांचे भाडे थकले आहे.

हा कोणा एका गृहस्थाचा वृत्तांत नव्हे. पुण्याच्या चहूबाजूंच्या उपनगरांत हीच स्थिती थोड्याफार फरकाने आढळते. एकाच छताखाली दोन बेकार राहतात. एक खाली, एक वर. दोघांपैकी कोणालाही राज्यव्यवस्था विचारत नाही, आणि व्यवस्थेने करावयाचे काम त्या दोघांनी एकमेकांच्या जिवावर करावे अशी अपेक्षा मात्र निमूटपणे बाळगली जाते. या अपेक्षेला आता स्पष्ट शब्दांत आव्हान देण्याची वेळ आली आहे.

गुंठ्यावर उभारलेला संसार

‘घर आहे ना!’ असे म्हणणाऱ्यांनी ते घर कसे उभे राहिले हे आधी ध्यानात घ्यावे. कात्रज हे मूळचे घाटाच्या पायथ्याचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथे तलाव बांधून दगडी नळातून पुण्याच्या पेठांत पाणी नेले, तेव्हापासून शहराशी त्याचे नाते. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेच्या हद्दीत आले. दूध संघाची डेअरी, भारती विद्यापीठाचा परिसर, स्वारगेटपर्यंतची थेट बससेवा यांमुळे वस्ती भराभर वाढली. साताऱ्याकडून, सोलापूरकडून, मराठवाड्यातून पोटासाठी पुण्यात आलेल्या कष्टकऱ्याला पेठेत घर परवडणे शक्य नव्हते. त्याने शेतजमिनीतला गुंठा-अर्धा गुंठा विकत घेतला. एक गुंठा म्हणजे अवघे १०८९ चौरस फूट. पत्नीचे दागिने, पतपेढीचे कर्ज, गावाकडच्या शेताचा वाटा असे सारे मोडून आधी एक खोली बांधली, मग स्लॅब टाकला, मग वर खोल्या काढल्या.

या घराची मोठी अडचण अशी, की ते राहायला घर असते, परंतु गरजेच्या वेळी मालमत्ता ठरत नाही. गुंठेवारीतील बांधकामे नियमित करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००१ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेण्यात आली. परंतु शुल्क, नकाशे आणि कागदपत्रे यांच्या खटाटोपात असंख्य घरे अद्याप बाहेरच राहिली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याच्या आधारे जुलै २०२१ मध्ये निघालेल्या परिपत्रकाने अशा लहान तुकड्यांची दस्तनोंदणीच अडली. २०२५ मध्ये शासनाने ही बंधने सैल करण्याचा निर्णय घेतला, हे स्वागतार्हच आहे. पण मधली वर्षे ज्यांच्या नशिबी आली, त्यांना अडचणीत घर विकताही आले नाही आणि गहाण ठेवायला गेल्यास मोठ्या बँकेने दारातूनच परत पाठवले. आयुष्यभराची पुंजी भिंतींत चिणलेली, आणि त्या भिंतींवर चार पैसे उचलावेत म्हटले तर पतपेढीचा चढा व्याजदर किंवा खासगी सावकार.

खोल्यांचे भाडे हे या घराचे ‘उत्पन्न’. पण त्यातून काय वजा होते? पुण्यात स्वतःच्या वास्तव्याच्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. १९७० पासूनची ही सवलत मध्यंतरी काढून घेतली गेली आणि पुणेकरांच्या तीव्र नाराजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा देण्यात आली. खोली भाड्याने दिली की त्या भागापुरती ती सवलत जाते. वीजमीटर एकच असेल तर चार बिऱ्हाडांचा वापर एकत्र मोजला जातो आणि सारे घर वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसते. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवावा लागतो, तो मालकाच्या खिशातून. वर्षातून दोन-तीन महिने खोली रिकामी राहते, ती निराळीच. ज्याचा पगार चालू आहे त्याला हे भाडे म्हणजे संसाराला जोड. ज्याचा पगार थांबला आहे त्याला ते एकमेव चूल पेटवणारे जळण, आणि तेही ओलसर.

राजीनाम्याची किंमत

नोकरी गेलेल्या माणसाला या देशात काहीच मिळत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मिळते, पण ज्याला मिळायला हवे त्याच्या हातात पडण्यापूर्वी ते कोठे तरी अडून बसते.

औद्योगिक कलह कायदा १९४७ चा. त्यानुसार कपात झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून देणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनीही हे तत्त्व कायम ठेवले आहे आणि त्याशिवाय कपातग्रस्त कामगाराच्या खात्यात नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम जमा करण्याची तरतूद केली आहे. बावीस वर्षांच्या सेवेचा हिशेब केला तर ३३० दिवसांचे, म्हणजे अकरा महिन्यांचे वेतन होते. परंतु हे सारे ‘कपात’ झालेल्यासाठी. ज्याने राजीनामा दिला, त्याची कपात कायद्याच्या दृष्टीने झालेलीच नसते. तो स्वखुशीने गेला! टंकलिखित कागदावरची ती एक सही अकरा महिन्यांच्या अन्नाची असते, आणि ती घेणाऱ्याला हे नेमके ठाऊक असते. सही करणाऱ्याला बहुधा नसते.

न लढता सही का केली, असे विचारणाऱ्यांनी लढणाऱ्यांकडे पाहावे. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजाराहून अधिक कामगारांनी आपल्या हक्कासाठी दीर्घ काळ झगडा दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, पण तोवर त्या कामगारांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे तारखा आणि मोर्चे यांत खर्च झाली होती. जेथे संघटना बळकट आहे तेथे ही कथा. मग पंचवीस-तीस कामगारांच्या लहान कारखान्यात एकट्या पडलेल्याने कोणाच्या भरवशावर लढावे?

उरली कर्मचारी राज्य विमा योजना. १ जुलै २०१८ पासून तीत ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू झाली. प्रारंभी सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के असलेला भत्ता करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ५० टक्के करण्यात आला. बेकारीच्या दुःखाची सरकारने घेतलेली ही दखल मोलाची आहे, आणि वेळोवेळी मुदतवाढ देऊन ती चालू ठेवली गेली हेही मान्य केले पाहिजे. पण आवाका पाहा. अठरा हजार रुपये महिना मिळवणाऱ्याची रोजंदारी सहाशे. तिच्या निम्मे तीनशे. कमाल ९० दिवस. म्हणजे २७ हजार रुपये, आणि तेही उभ्या आयुष्यात एकदाच. स्वेच्छानिवृत्ती घेतलेला यात बसत नाही. आणि मुळात ही विमा योजना महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी आहे. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे. त्यानंतर महागाई कोठे गेली, हे बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कोणालाही विचारावे. बावीस वर्षांच्या अनुभवामुळे ज्याचे वेतन पंचवीस-सव्वीस हजारांवर पोहोचले, तो कुशल कामगार या छत्रातून केव्हाच बाहेर फेकला गेला. कौशल्य वाढवल्याची ही शिक्षाच नव्हे काय?

भविष्यनिर्वाह निधी मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते. पण ते त्याचेच साठवलेले, त्याच्याच कष्टाचे पैसे. म्हातारपणाची बेगमी ऐन पन्नाशीत उपसून खायची, यालाच जर सामाजिक सुरक्षा म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल. निवृत्तिवेतन योजना १९९५ ची. तिचे पूर्ण वेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी. किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये. या हजारात कात्रजमध्ये एका बिऱ्हाडाचा वाणसामानाचा पंधरवडाही निघत नाही.

राज्याच्या योजनांचे काय? २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तरुणांना महिना सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन देते. वयोमर्यादा १८ ते ३५. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये जुलै २०२४ पासून पात्र गृहिणीच्या खात्यात येऊ लागले आणि कित्येक घरांत तेच पैसे गॅसच्या टाकीला कामी आले. तरुणाकडे पाहिले गेले, गृहिणीकडे पाहिले गेले, ते योग्यच झाले. पण पस्तिशी ओलांडलेला, साठी न गाठलेला, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे औषध एकाच वेळी खांद्यावर घेतलेला बेकार गृहस्थ कोणत्या योजनेच्या रकान्यात बसतो? कोणत्याच नाही.

कर शहराचा, हमी गावाची

आता अशा गोष्टीकडे वळावे, जिची चर्चा होतच नाही. पगारदाराच्या वेतनपत्रकात दरमहा एक लहानशी वजावट असते. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार रुपये. व्यवसायकर हे तिचे नाव. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला. कशासाठी? रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी. १९७२ च्या भीषण दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील ही योजना राज्यभर उभी राहिली, लाखो हातांना काम मिळाले आणि चुली विझल्या नाहीत. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे वचन महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी दिले. २००५ चा केंद्रीय कायदाही याच अनुभवाच्या पायावर उभा राहिला.

शहरातील कामगार-कारकुनाने हा कर विनातक्रार भरला, आणि भरणे हे त्याचे कर्तव्यच होते. दुष्काळी माणदेशातील खडी फोडणारी माउली त्याचीच आई-बहीण होती. शहराने गावाचे ऋण फेडण्याची ती एक रीत होती. समाज हे एक शरीर आहे. एका अवयवाला दुखापत झाली तर दुसऱ्याने धावून जावे, हाच आपल्या जीवनदृष्टीचा गाभा. पण शरीराचा हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू व्हायला नको काय? ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या रोजगाराची हमी भरली, त्याचा स्वतःचा रोजगार गेला तेव्हा त्याच्यासाठी हमी कोठे आहे? राज्याच्या त्या कायद्यात ती ग्रामीण भागापुरती. कात्रज १९९७ पूर्वी गाव होते; महापालिकेत आले आणि त्याच्या रहिवाशाचा हा हक्क हद्दीच्या दगडाबरोबर पलीकडे सरकला. घाटापलीकडच्या गावातल्या सख्ख्या भावाला काम मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, याला नाही.

पुण्याच्या जुन्या जलव्यवस्थेचा दाखला येथे घेण्याजोगा आहे. कात्रजच्या तलावातून निघालेले पाणी दगडी नळातून पेठांच्या हौदांत येई आणि ज्याला तहान लागेल तो त्या हौदावर जाई. हौद भरणारे आणि हौदावर येणारे अशी वाटणी तेथे नव्हती. व्यवसायकराच्या हौदाची रचना मात्र अशी झाली आहे, की भरणाऱ्याने तहान लागल्यावर तेथे फिरकायचे नाही.

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, मिळवून देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवलेले आहे. तेथे ‘ग्रामीण’ हा शब्द नाही, ‘पस्तीस वर्षांखालील’ हा शब्द नाही आणि ‘ज्याला घर नाही तो’ अशी अटही नाही.

मालक आणि भाडेकरू यांचे लावलेले वैर

राज्यव्यवस्थेने अंग काढून घेतले की भार कोणावर पडतो? तो पडतो घरातल्या नात्यांवर आणि शेजाऱ्यांवर. कात्रजच्या त्या घरात तो पडतो जिन्यावर, खालच्या आणि वरच्या मजल्यामधल्या त्या बारा-पंधरा पायऱ्यांवर. महिन्याच्या पाच तारखेला मालक वर जावे की नाही या विचारात खाली घुटमळतो, आणि वरचा तरुण पावले ऐकून दिवा मालवतो. दोघेही भले, दोघेही लाजलेले. काही महिन्यांनी त्यांच्यात शब्दाला शब्द लागतो. मग वर्तमानपत्रांतून कधी ‘मुजोर घरमालक’ दिसतो, कधी ‘बुडवा भाडेकरू’ दिसतो. दोघांना या पायऱ्यांवर समोरासमोर आणून उभे करणारी व्यवस्था दिसत नाही.

यात कायद्याचा पेच आणखी निराळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. तत्त्व योग्य आहे. पण कॉट बेसिसवर चार महिन्यांसाठी आलेल्या मुलासाठी दर वेळी शहरी हद्दीतील एक हजार रुपये नोंदणी शुल्क, मुद्रांक, एजंटचे पैसे आणि एका दिवसाची खोटी सोसणे या मालकाला परवडत नाही. घराचे कागद गुंठेवारीतच अडकलेले असतील तर तो नोंदणी कार्यालयाची पायरी चढायलाच कचरतो. परिणामी करार तोंडी राहतो आणि त्यात दोघेही बुडतात. मालकाला भाडे मागण्याचा आधार राहत नाही. भाडेकरूला गॅस जोडणीसाठी, बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा राहत नाही.

करोनाकाळाने हा पेच उघडा केला. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, असे घरमालकांना सांगितले. टाळेबंदीत अडकलेल्या गरीब भाडेकरूसाठी ते आवश्यक होते. पण ज्याची चूलच त्या भाड्यावर पेटते, त्या मालकाचे काय, या प्रश्नाला त्या आदेशात उत्तर नव्हते. कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली, तरी व्याज चालूच राहिले. शासनाने दया दाखवली, पण ती दुसऱ्याच्या पदरातून. तरीही कात्रजसारख्या वस्त्यांतील कित्येक मालकांनी भाडे सोडले, गावी निघालेल्या मुलांना शिदोरी बांधून दिली. तो समाजाचा अंगभूत धर्म होता, आदेशाचा प्रताप नव्हे.

पुण्याला हा धर्म नवा नाही. वार लावून जेवणारी गरीब मुले याच शहराच्या वाड्यांनी शिकवली. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली ती याच संस्कारातून. बाहेरगावचा मुलगा आपल्या घरी राहणे म्हणजे निव्वळ व्यवहार नव्हे, ही भावना येथे अजून शिल्लक आहे. पण हा झरा आटवायचा नसेल तर त्या घरधन्याला स्वतःला उभे राहता आले पाहिजे. भुकेल्याकडून अन्नदानाची अपेक्षा किती काळ करायची?

‘फुकट खाण्याची सवय लागेल’

बेकारीभत्त्याचा विषय निघताच एक ठरलेला आक्षेप येतो. याने माणसे आळशी होतील, फुकट खाण्याची सवय लागेल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. काम न करता पैसे वाटणे हे आपल्या परंपरेला मानवणारे नाही; श्रमाची प्रतिष्ठा हा आपल्या संतपरंपरेचा वारसा आहे. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एक भेद ओळखला पाहिजे. भिक्षा वेगळी आणि विमा वेगळा. दुकानाला आग लागल्यावर विम्याची भरपाई घेणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही. कामगार, मालक आणि शासन या तिघांनी हप्ता भरून बेकारीविरुद्ध विमा उभारण्याची पद्धत ब्रिटनने काही उद्योगांपुरती का होईना, १९११ मध्येच सुरू केली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे उलटली.

आणि शेजारच्यांकडे तरी पाहावे. केरळमध्ये अय्यंकाली यांच्या नावाने, हिमाचल प्रदेशात २०२० मध्ये, राजस्थानात सप्टेंबर २०२२ मध्ये शहरी रोजगार हमीच्या योजना सुरू झाल्या. त्या कोणत्या पक्षाच्या सरकारांनी केल्या हे येथे गौण आहे. चांगली कल्पना कोणाच्याही अंगणात उगवली तरी घ्यावी. दुःख याचे वाटते, की ज्या महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी शिकवली, तोच या बाबतीत मागे राहिला.

कामे नाहीत, असे म्हणण्याची तर सोयच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून सहकारनगरपर्यंत ओढ्याकाठची घरे पाण्यात गेली, अनेकांचे बळी गेले. ओढ्यांचा गाळ काढणे, सीमाभिंती दुरुस्त करणे, तलावाची निगा, टेकड्यांवरील वृक्षलागवड, पेशवेकालीन नळाच्या उच्छ्वासांचे जतन, महापालिकेच्या शाळांतील यंत्रे-बाके यांची दुरुस्ती. कात्रज परिसरातच वर्षभर पुरेल इतके काम पडलेले आहे. यंत्रावर बावीस वर्षे काढलेला माणूस खडी फोडील हे नको, त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना यंत्र शिकवावे. त्याच्या हातातील कौशल्य वाया जाणे हे एका कुटुंबाचे नव्हे, राष्ट्राचे नुकसान आहे.

करावयाचे काय?

मागण्या अवास्तव नाहीत. व्यवसायकराच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा शहरी रोजगार हमीसाठी कायद्याने राखून ठेवावा. वयाची पस्तिशी उलटलेल्या बेकारांसाठी कौशल्याधारित कामाची स्वतंत्र तरतूद असावी. विमा योजनेतील २१ हजारांची मर्यादा आजच्या महागाईच्या मानाने वाढवावी, आणि त्यावरील वेतन असलेल्यांना स्वतःच्या हप्त्याने त्यात राहण्याची मुभा द्यावी. सेवेची अनेक वर्षे झालेल्या कामगाराचा राजीनामा श्रम अधिकाऱ्यासमोर तपासल्याखेरीज ग्राह्य धरू नये. ज्याला सही खुशीची वाटते त्याला अधिकाऱ्यासमोर तसे सांगायला अडचण कसली? स्वतः राहत असलेल्या घरातील एक-दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बेकार घरधन्याला मिळकतकराची सवलत कायम राहावी. आणि अशा खोल्यांसाठी करारनोंदणी नाममात्र शुल्कात, वॉर्ड कार्यालयातच व्हावी, म्हणजे मालक आणि भाडेकरू दोघेही कायद्याच्या छायेत येतील.

शासन करील तेव्हा करील. समाजाने वाट पाहत बसू नये. गणेश मंडळे, पतसंस्था, ज्ञातिसंस्था, गृहनिर्माण संघ यांचे जाळे कात्रजमध्ये काही कमी नाही. गल्लीतील कोणाचे काम गेले आहे, कोणाला कोणते काम येते, कोणाला कामगार हवा आहे, एवढी वही जरी एखाद्या मंडळाने प्रामाणिकपणे ठेवली, तरी कित्येक घरांची पहिली सहा महिन्यांची ओढाताण टळेल. राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारायला एक जाणता वकील किंवा कामगार कार्यकर्ता त्या वहीच्या पहिल्या पानावर असला, तर अकरा महिन्यांचे अन्न वाचेल. उत्सवाच्या मांडवासाठी वर्गणी मागायला ज्या दारात जातो, त्या दारामागे यंदा चूल कशी पेटते आहे याची विचारपूस करणे, हाही उत्सवाचाच भाग आहे.

कौटिल्याने बालक, वृद्ध, रुग्ण आणि अनाथ यांचे पोषण हे राजाचे कर्तव्य मानले. कात्रजचा तो गृहस्थ यांपैकी कोणीच नाही. त्याला पोषण नको आहे. त्याला काम हवे आहे, आणि काम मिळेपर्यंत मान खाली न घालता जगण्याइतका आधार, ज्याचा हप्ता त्याने केव्हाच भरून ठेवला आहे. ‘घर आहे ना, मग काय कमी?’ हा प्रश्न त्याला यापुढे विचारू नये. विचारायचाच असेल तर तो व्यवसायकर जमा करून घेणाऱ्या तिजोरीला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावा.